न झटकलेली घोंगडी

१

संध्याकाळी देवापुढे दिवा लागला की जानकीच्या अंगावर गांधी उठायच्या. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला एक, मग कोपराच्या लवणीत दोन-चार, आणि आमटीला फोडणी पडेपर्यंत मानेपासून पोटऱ्यांपर्यंत सगळं अंग लालेलाल. ती वाढता वाढता खाजवायची, जेवता जेवता खाजवायची, आणि मोरीत भांडी घासायला बसली की राखेच्या हातांनीच खाजवून दंड पांढरे करून घ्यायची.

तिचा नवरा राजाराम लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत मेकॅनिक होता. मशीनच्या खोलीत शिरल्यावर तो आधी कान लावायचा आणि मग पाना हातात घ्यायचा. दोर घासतोय की ब्रेकची पट्टी झिजलीय, हे त्याला आवाजावरून कळायचं, आणि या गोष्टीची त्याला जराशी घमेंडही होती. त्यामुळे बायकोचं खाजवणं त्याला पाठ झालं होतं, यात नवल नाही. नखांच्या लांब लांब ओढी, मध्ये जरा थांबणं, मग तळहाताने चोळणं, बांगड्या वर सारल्याची किणकिण, आणि परत त्या ओढी. खुर्चीत पेपर तोंडापुढे धरून तो ते ऐकत बसायचा आणि पान उलटायचं विसरायचा.

घाटकोपरला पंतनगरात हाउसिंग बोर्डाच्या बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर होतं. एक खोली, स्वयंपाकघर, आणि दोन्हींच्या मधल्या दारावर सिमेंटचा माळा, त्याला तारेवर सरकणारा फुलाफुलांचा पडदा. देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराकडून वारा सुटला की खिडक्या लावून घ्यायच्या, एरवी घर हवेशीर होतं. भांडण नाही, दारू नाही, सासूचा जाच नाही. बाहेरून पाहणाऱ्याने दृष्ट लावावी असा संसार.

फक्त त्यांची मुलगी गेली होती. शेवंती, राजारामच्या आईचं नाव ठेवलेलं, घरात शेवू. चार वर्षांची होऊन काविळीने गेली, त्याला दोन वर्षं होत आली होती. दिवेलागणीला ती आईच्या मांडीवर बसून बोबडी परवचा म्हणायची. तीच वेळ, आणि त्याच वेळी या गांधी. यातला संबंध शेंबड्या पोरालाही कळला असता. या घरातही तो कळत होता, पण बोलायची सोय नव्हती. नवरा-बायको एकमेकांना जपत होते, आणि जपता जपता दोघंही मुके झाले. शेवूचं नाव गेल्या दोन वर्षांत त्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं.

मासे सोडून पाहिले, वांगं सोडलं, साबण बदलला. शेवटी राजारामने तिला पालिकेच्या इस्पितळात कातडीच्या विभागात नेलं. तिथली डॉक्टरीण तरुण होती आणि गर्दी असूनही तिला घाई नव्हती. तिने पेनच्या मागच्या टोकाने जानकीच्या हातावर एक रेघ ओढली. बघता बघता ती रेघ दोरीसारखी वर आली.

"आईच्या पोटात कातडी आणि मेंदू एकाच थरातून तयार होतात, बाई," डॉक्टरीण म्हणाली. "म्हणून एकाला दुखलं की कधीकधी दुसरं सुजतं. मनात काही धरून बसलाय का?"

"मनात काय असणार?" जानकी पदर सारखा करत म्हणाली. "घरचं सगळं व्यवस्थित आहे."

राजाराम शेजारीच उभा होता. तो छताच्या पंख्याकडे बघत राहिला आणि त्याच्या मनात आलं की याचं बेअरिंग गेलंय.

२

राजारामची आत्या, वनमाला, कांदिवलीला राहायची. मुंबईत उभा जन्म काढला तरी तिच्या मालवणीला शहराचा वारा लागला नव्हता. चैत्रात एका संध्याकाळी ती पिशवीभर कोकम सोलं घेऊन आली आणि दारातच थबकली.

"ह्यां काय करून घेतलंस गो?"

"डॉक्टरच्या गोळ्या चालू आहेत, आत्या," राजाराम म्हणाला.

"चालू असां दे. तुझ्या बापाशीची घोंगडी खंय आसा?"

घोंगडी पलंगाखालच्या ट्रंकेत होती. काळी, जाड, मेंढराचा वास अजून न गेलेली. आत्याने सोलं कोमट पाण्यात कुस्करली आणि ते लाल पाणी जानकीच्या पाठीला, दंडांना, पोटऱ्यांना चोळलं. मग तिला भिंतीशी बसवून घोंगडीत हनुवटीपर्यंत गुंडाळलं. हा उपाय कोकणातल्या घराघरांत करतात, त्यात जगावेगळं काही नाही. राजारामला मात्र हसू येत होतं. आधीच खाजतंय त्यावर ही खरखरीत लोकर, म्हणजे आगीवर रॉकेल, असं तो मनात म्हणाला.

"गप बसून रव," आत्या जानकीला म्हणाली. "घाम इलो की खाज जाता."

घाम आला. आणि खाज गेली. जानकीने डोळे मिटले, तिचे खांदे उतरले, आणि बसल्या जागी ती अशी झोपली की राजारामने तिच्या नाकाशी बोट धरून पाहिलं. घोंगडी काढली तेव्हा अंग गोरं लख्ख झालं होतं. त्याला एवढं बरं वाटलं की तो आत्याच्या पाया पडला, आणि पडल्यावर स्वतःच ओशाळला.

निघताना आत्या जिन्याच्या तोंडाशी थांबली. "राजा, सकाळी उन्हात नेऊन काठयेन झटक ती. पित्त लोकरीत बसता. तशीच घडी करून ठेवू नको."

सकाळी तो घोंगडी घेऊन गॅलरीत गेला. तिथे शेजारच्या जयाने वर्षाच्या कुरडया वाळत घातल्या होत्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यावर लोकरीचा एक केस जरी पडला असता तरी पंतनगरात महायुद्ध पेटलं असतं. गच्चीला कुलूप, किल्ली सेक्रेटरीकडे, आणि कामाला उशीर होत होता. राजाराम नीटनेटका माणूस होता. त्याने घोंगडीची चौकोनी घडी घातली, कडा जुळवल्या, आणि स्टुलावर चढून ती माळ्यावर, गणपतीच्या मखरामागे ठेवून दिली.

घडी घालताना त्याला जाणवलं की घोंगडी गरम आहे. सबंध रात्र ती दांडीवर एकटीच लोंबत होती, तरी अंगावरून आत्ता काढावी तशी गरम. चैत्राचं ऊन भिंतीत मुरतं, त्याला कोण काय करणार, असं म्हणून त्याने पडदा ओढून घेतला.

३

त्यानंतर चार-सहा वेळा ती घोंगडी खाली आली. दर वेळी खाज जायची, दर वेळी सकाळी गॅलरीत काहीतरी वाळत पडलेलं असायचं. पापड संपले की सांडगे, सांडगे संपले की मिरच्या. दर वेळी राजाराम चौकोनी घडी घालायचा. लोकर गरम लागायची, त्याचीही त्याला सवय झाली. मग एक दिवस त्याच्या लक्षात आलं की बऱ्याच दिवसांत घोंगडी उतरवायची वेळच आलेली नाही.

काय सांगावं, ते दिवस फार सुखाचे होते. जानकी सकाळी गुणगुणायला लागली. बंद पडलेले घावणे पुन्हा सुरू झाले, रविवारी बांगडे तळले जाऊ लागले. जयाबरोबर ती शिवणाच्या क्लासला जायला लागली आणि पहिलं झबलं बिघडवून हसत घरी आली.

"काय गं, एकदम झकास दिसायला लागलीस!" जया गॅलरीतून ओरडायची. "काय खाते तरी सांग, यार. आम्ही काय तुझ्यावर जळायचं?"

राजाराम आत बसून ऐकायचा आणि त्याची छाती फुगायची. नवऱ्याला बायकोच्या हसण्यासारखं दुसरं टॉनिक नाही. तोही कामावर शिट्टी वाजवू लागला.

इस्पितळात डॉक्टरणीने पुन्हा पेनने रेघ ओढली. काही उठलं नाही. तिने परत, जरा जोर लावून ओढली. कातडीवर पांढरी रेघ उमटली आणि विझली. "छान," ती म्हणाली. "मन हलकं केलंत वाटतं."

"हो," जानकी प्रसन्नपणे म्हणाली. "एकदम रिकामं."

राजारामला तो शब्द घरी येईपर्यंत टोचत राहिला. मग बायकोने रस्त्यात उसाचा रस मागितला आणि तो विसरला.

वैशाखात कैऱ्यांचं लोणचं घातलं. एका संध्याकाळी तो कामावरून आला तर बरणी कोपऱ्यात उभी होती आणि तिच्या तोंडाला पिवळ्या कापडाचा दादरा घट्ट बांधलेला होता. कापडावर लाल चोचींची बदकं होती. राजाराम चप्पल काढायची विसरून तिथेच उभा राहिला. तो फ्रॉक त्याने स्टेशनजवळच्या बाजारात घासाघीस करून घेतला होता. शेवूने तो सबंध दिवस अंगातून काढू दिला नव्हता, अंघोळीलाही.

"जानकी, हे कापड..."

"ट्रंकेत पडलं होतं. वीण बघा कशी घट्ट आहे, चिलट जाणार नाही."

"अगं, तो फ्रॉक होता."

"फ्रॉकच होता. मी दोन दादरे काढले त्यातून." तिने हात पुसले आणि सहज विचारलं, "कुणाचा राहिला असेल हो आपल्याकडे? जयाच्या भाचीचा का?"

तिच्या चेहऱ्यावर काही लपवल्याची खूण नव्हती. कपाळावर आठी नाही, ओठ दाबलेले नाहीत. राजारामने हातपाय धुतले आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. दुःख पचवायची ज्याची त्याची तऱ्हा असते, असं त्याने स्वतःला सांगितलं. विसरल्याचं नाटक करत असेल. करू दे बिचारीला. पण नाटक असतं तर तिने अंग खाजवलं असतं, हेही त्याला त्याच क्षणी कळलं.

४

आवाज त्याच आठवड्यात सुरू झाला.

राजाराम पेपर वाचत होता. स्वयंपाकघरात जानकी कणीक मळत होती. डोक्यावर माळ्यात कुठेतरी खर्र, खर्र असं झालं.

"उंदीर," तो म्हणाला.

"असेल," जानकी म्हणाली.

त्याने पिंजरा आणला, खोबऱ्याचा तुकडा अडकवला, माळ्याच्या कडेला ठेवला. खोबरं दोन दिवसांत वाळून वाकडं झालं, पण त्याला कुणी दात लावला नाही. लेंड्या नाहीत, कुरतडलेला कागद नाही. मग त्याला वाटलं की वरच्या मजल्यावरच्यांनी पाट्याला टाकी मारून घेतली असेल. तो वर जाऊन आला. वरच्यांच्या दाराला कुलूप होतं. ते गावाला गेले होते.

एवढं झाल्यावर माणूस स्वस्थ बसतो. राजारामला ते जमेना, कारण त्याचा कान त्याला स्वस्थ बसू देईना. यंत्र असो की उंदीर, प्रत्येकाची एक चाल असते. ही चाल उंदराची नव्हती. लांब लांब ओढी, मध्ये जरा थांबणं. मग काहीतरी सपाट घासल्याचा मऊ आवाज. मग किणकिण. आणि परत त्या ओढी.

दिवा लागला होता. जानकी त्याच्यासमोर बसून फरसबी निवडत होती. तिचे दोन्ही हात त्याला दिसत होते. स्वच्छ, गुळगुळीत, कामात गुंतलेले हात. आणि वर पडद्यामागे जानकी खाजवत होती.

त्याने पेपर खाली ठेवला. "तुला काही ऐकू येतं का गं?"

तिने मान तिरकी करून ऐकलं. शेजारच्या घरातलं भांडण ऐकावं तसं, जरा कुतूहलाने. "येतं की," ती म्हणाली. "कुणाला तरी फार त्रास होतोय, नाही?" आणि शेंगेची शीर ओढून तिने बाजूला टाकली.

५

आत्या लोणच्याची वाटणी न्यायला आली. जानकीने तिला पन्हं दिलं, हसत हसत पाया पडली, शिवलेली झबली दाखवली. बोलता बोलता आत्या म्हणाली, "शेवूचां श्राद्ध इलां गो जवळ." जानकी म्हणाली, "हो का? कोण शेवू, आत्या? तुमच्या भावकीतली का?"

आत्याने ग्लास खाली ठेवला.  मग तिने त्याला गॅलरीत बोलावलं.

"घोंगडी झटकतंस मा?"

"झटकतो की."

"खरां सांग."

राजारामने खाली रस्त्याकडे पाहिलं. "नाही, आत्या. एकदाही नाही."

म्हातारीने काही समजावलं नाही आणि शिव्याही घातल्या नाहीत. "गुरुवारी तुका सुट्टी. भर दुपारी काढ आणि काठयेन झटक, धूळ निघायची बंद होईसर. आणि झटकताना काय ऐकू इलां तर थांबू नको, मगे सगळां मिटात."

गुरुवारी जानकी जयाबरोबर क्लासला गेली. राजारामने सेक्रेटरीकडून गच्चीची किल्ली आणून ठेवली होती. कपडे वाळत घालायची काठीही भिंतीला लावून ठेवली. बाहेर डोळे दिपवणारं ऊन होतं, घरात पंखा फिरत होता, कुठेतरी रेडिओवर कामगारांचा कार्यक्रम लागला होता. घाबरावं असं काहीही त्या दुपारी नव्हतं. तो स्टुलावर चढला आणि पडदा सरकवला.

मखराच्या मागे चौकोनी घडी नव्हती. घोंगडी उभी होती. भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन कुणी बसावं तशी. जेवढं बसलेलं माणूस भरतं तेवढी ती भरली होती.

उजेडातून अंधारात पाहिलं की असं दिसतं, राजाराम स्वतःला म्हणाला. मखराचा पुठ्ठा कलला असेल, त्यावर लोकर अडकली असेल. त्याने हात पुढे केला. लोकर तापली होती. आणि खालच्या कडेतून, मेणबत्त्यांच्या खोक्याशेजारी, एक हात बाहेर आला होता.

कोपरापर्यंतच. मनगटाच्या आतल्या बाजूला एक गांध, लवणीत दोन-चार, आणि वर सगळं लालेलाल. हिरव्या बांगड्या होत्या. लोकरीतून निघालेल्या दुसऱ्या हाताची नखं त्याच्या कातडीत रुतत होती. लांब ओढ, लांब ओढ. त्याला उतरायचं होतं, पळायचं होतं, बाहेर जाऊन शेजाऱ्यांच्या दारावर धडका मारायच्या होत्या. पण त्याच्या तोंडून निघालं ते भलतंच.

"नको गं," तो म्हणाला. "रक्त येईल. शेवू बघतेय."

हे वाक्य त्याने कधीतरी म्हणायला हवं होतं. दोन वर्षांपूर्वी, पहिल्यांदा गांधी उठल्या त्या संध्याकाळी.

हात थांबला. घोंगडीच्या आत कुणीतरी श्वास घेतला, लांब, रडून झाल्यावर घेतात तसा. आणि ती बोटं हळूहळू उलगडून, तळवा वर करून, माळ्याच्या सिमेंटवर पडून राहिली.

 काठी भिंतीला लावलेली, गच्चीची किल्ली खिशात. घोंगडी झटकली की सगळं मिटणार होतं, आत्याने सांगितलं होतं. आणि मग शेवूला आठवणारा या घरात तो एकटाच उरणार होता. त्याने पडदा ओढला, खाली उतरला, आणि किल्ली सेक्रेटरीला परत देऊन आला.

६

आत्याला त्याने सांगितलं, "झटकली." तिने विश्वास ठेवला की नाही, कोण जाणे.

मग दर गुरुवारी दुपारी जानकी क्लासला गेली की राजाराम स्टूल ओढायचा. पडदा तो पुन्हा सरकवायचा नाही, तेवढा धीर त्याला कधीच झाला नाही. स्टुलावर बसून, डोकं दाराच्या चौकटीला टेकून तो बोलायचा. शेवूने त्याच्या पान्याला बाहुली समजून झोपवलं होतं, ते. लिफ्टमध्ये पहिल्यांदा बसली तेव्हा "बाबा, घर वर चाललं" म्हणून किंचाळली होती, ते. तिला कढीतला कढीपत्ता चालायचा नाही, ते. इस्पितळात शेवटी तिने पाणी मागितलं होतं आणि नर्सने थांबायला सांगितलं होतं, तेही एकदा बोलून झालं. ते बोलताना तो लहान मुलासारखा रडला.

तो बोलायचा तोवर वर खाजवणं थांबायचं. कधी लोकर सरकल्याचा आवाज यायचा, जवळ येऊन ऐकल्यासारखा.

भीती वाटायची का? वाटायची. दर वेळी, पहिला शब्द निघेपर्यंत. पण खरं सांगायचं तर गेल्या दोन वर्षांत राजारामला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. खाली हसणारी, गाणारी, घावणे घालणारी बायको होती. वर त्याच्या मुलीची आई होती. एका माणसाला याहून जास्त काय हवं, असंही एखाद्या दुपारी त्याच्या मनात येऊन जायचं, आणि मग तो दचकून स्टूल जागेवर ठेवायचा.

फक्त एक गोष्ट त्याला खायला लागली. या दोघी म्हणजे एकच बाई आहे. खालचीला सगळं परत मिळालं तर ती पुन्हा अंग ओरबाडेल, पण तिला तिची मुलगी मिळेल. तिला विचारल्याशिवाय हे असंच चालू द्यायचं का? रोज संध्याकाळी तो ठरवायचा की आज सांगू. रोज ती काहीतरी विनोद सांगायची, आणि तो हसायचा.

७

श्रावणातल्या एका संध्याकाळी तिनेच विषय काढला. दिवा नुकताच लावला होता. ती भात वाढत होती.

"अहो, गुरुवारी तुम्ही वर कुणाशी बोलता?"

राजारामचा हात ताटातच राहिला. "कुणाशी म्हणजे?"

"जयाच्या घरच्यांना भिंतीपलीकडून ऐकू येतं. जया म्हणाली, तुझ्या नवऱ्याला डोक्याच्या डॉक्टरकडे ने." जानकी हसली. "मला राग नाही आला. मला हल्ली रागच येत नाही, बघा."

वर खर्र, खर्र सुरू झालं होतं. आज जोरात होतं.

"ती वर आहे म्हणून मी इथे बरी आहे," जानकी म्हणाली. भातावर तिने सोलकढी ओतली, काळजीपूर्वक, ताटाबाहेर थेंब न सांडता. "एवढं मला समजतं. माझ्याजवळ काहीतरी होतं आणि ते तिने घेतलंय. काय होतं ते आठवत नाही. घरात शिरावं आणि कशाला आलो ते विसरावं, तसं होतं. मग जातं ते. ती रडते का हो?"

"मी बोललो की थांबते."

"मग बोलत जा. बिचारीला सोबत."

"जानकी," राजाराम म्हणाला. "तुला परत हवंय का ते? मी आणून देतो. आत्ता चढतो, ती घोंगडी न झटकता तुझ्या अंगावर घालतो. फार दुखेल, पण आपण दोघं मिळून... आपण बोलू या वेळी. मी बोलेन तुझ्याशी. शपथ."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. प्रेमाने, अगदी मनापासूनच्या प्रेमाने, आजारी माणसाकडे पाहावं तसं. उत्तर देण्यासाठी तिने तोंड उघडलं, तेवढ्यात खाजवणं थांबलं.

माळ्याच्या पडद्याच्या कड्या तारेवर किंचित वाजल्या. आणि वरून जानकीचा आवाज आला. दोन वर्षांपूर्वीचा, कामात असलेल्या आईचा, सहज हाक मारणारा आवाज.

"शेवू, ये गं. दिवा लावलाय."

राजारामने वर पाहिलं नाही. तो बायकोच्या मनगटाकडे पाहत होता. तिच्या अंगावर गांध उठावी असं आयुष्यात पहिल्यांदाच त्याला वाटत होतं. एकच उठू दे. आतल्या बाजूला, लहानशी, मुगाएवढी.

मनगट गोरं, गुळगुळीत होतं. डाव हातात तसाच धरून जानकी कान देऊन ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"किती गोड नाव आहे," ती म्हणाली. "कुणाची हो मुलगी?"